पार्सलच्या काट्यावर वडील

१२ जानेवारी, रविवार, सकाळी सव्वादहा. हजर: मी, माझे वडील आणि पार्सल ऑफिसातला बाबू. वहीत कामं तीन: वडिलांचं वजन करणं, आकडा नाशिकच्या डॉक्टरांना कळवणं, अकराच्या आत घर गाठणं, कारण पाण्याचा टँकर येणार होता.

दिवाळीपासून वडिलांचे शर्ट खांद्यावरून उतरायला लागले होते. दिवाळीआधी त्यांचं वजन त्रेसष्ट किलो होतं. त्यानंतर त्यांनी घरच्या वजनकाट्यावर चढायला नकार दिला. "त्या प्लॅस्टिकच्या डब्यावर मी चढणार नाही. करायचं तर आमच्या काट्यावर."

आमचा काटा म्हणजे स्टेशनावरचा. वडील तिथेच पार्सल क्लार्क होते. या दगडी स्टेशनामुळे आमचं गाव वाढलं. मुंबईची माणसं गाडीनं हवापालटाला यायची. त्यांच्यासाठी सॅनेटोरियमं झाली, बंगले झाले, मागोमाग टांगे आणि बेकऱ्या आल्या. आता लोक मोटारींनी येतात. बंगल्यांची रिसॉर्टं झालीत आणि शनिवारी आमच्या गल्लीत गाडी वळत नाही. पूर्वी पाहुणा उतरला की आधी पार्सलच्या काट्यावर उभा राहायचा, महिन्याभरानं परतताना पुन्हा. वजन वाढलं म्हणजे हवा मानवली.

"काका, सामान कुठंय?" बाबूनं विचारलं.

"हेच सामान. नाजूक आहे म्हणून लिही, आणि उलटं ठेवू नकोस."

बाबू हसला. वडील काट्याच्या लोखंडी पाट्यावर चढले. मी घड्याळ पाहिलं, पेन उघडलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. बाबूनं एकदा माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तो काट्यावर वाकला.

"अठ्ठावन्न! तब्येत झकास आहे की, काका."

मी आकडा लिहिला. पाच किलोच कमी. जीव भांड्यात पडला. मी वही मिटली, पण वडील खाली उतरेनात.

"पाय काढ," ते बाबूला म्हणाले.

"कुठला पाय, काका?"

"उजवा. बुटाचं टोक पाट्यावर दाबलंयस. लेका, तुझ्या जन्माआधीपासून मी हेच करायचो."

बाबू ओशाळला. "ताईंचा चेहरा बघवेना हो," म्हणत त्यानं पाय मागे घेतला. काटा खाली आला आणि एक्कावन्नवर थांबला.

बाहेरच्या बाकावर वडील बसले. टँकरवाल्याचा फोन वाजत होता. मी उचलला नाही.

"जाणाऱ्या पाहुण्याला किलो-दोन किलो चढवून द्यायचो मी," ते म्हणाले. "खूश व्हायचे बिचारे. एक मास्तर होते, छातीच्या दुखण्यानं आलेले. त्यांना तीन चढवले. बरे झालो म्हणून त्यांनी औषधं सोडली."

"मग?"

"पुढच्या वर्षी त्यांची बायको एकटीच आली. बंगल्यात राहिलेली भांडी न्यायला."

माझ्या वहीकडे बोट करत म्हणाले, "लाव डॉक्टरला फोन. एक्कावन्नच सांग."

तिथूनच फोन लावला. मंगळवारी वडिलांनी मुकाट्यानं रक्त तपासायला दिलं. डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफीही लिहून दिली आहे. ती उपाशीपोटी करायची असते. मी तीनदा वेळ घेतली. तिन्ही सकाळी मी उठायच्या आत वडील स्वतः चहा करून, दोन बिस्किटं खाऊन, पेपर वाचत बसलेले. सोनोग्राफी अजून बाकी आहे.