क्षिप्रेत सोडलेली कादंबरी

आत्याच्या खोलीत कापूर जळला की मला क्षिप्रा नदीकाठचा रामघाट दिसतो. काही वर्षांपूर्वी मी मनाच्या आजारानं खचले होते आणि तशाच आजाराशी झुंजणाऱ्या मुलीची कादंबरी उशाशी ठेवून झोपायचे. आत्यानं मला घाटावर बसवलं, कादंबरी लाल कपड्यात गुंडाळून तिच्यावरून कापूर ओवाळला आणि ती क्षिप्रेत सोडली. "या किताबनंच हिचा दिमाग खराब केला," ती पंडितजींना म्हणाली. गाठोडं तरंगायला लागलं, तर तिनं काठीनं खाली दाबलं.

आता आत्याला दिसत नाही. दुपारी मी तिला वाचून दाखवते. तीच कादंबरी, मुद्दाम नवी आणलेली. काल ती रंगून म्हणाली, "पुढे काय झालं गं त्या पोरीचं?"

मी पुस्तक मिटलं. "तिला तू बुडवलंस, आत्या."