पहिलं नाक कोणाचं?

परवा खापरखेड्याच्या एका शाळेत मी मुख्याध्यापकांच्या नाकात कापसाची काडी फिरवली, आणि सातवीचा अख्खा वर्ग हसून लोळला. सर शिंकले तेव्हा तर विचारूच नका...

रिटायर झाल्यापासून मी शाळाशाळांत जंतू दाखवत फिरते. आधी मुख्याध्यापक, मग शिक्षक, मग मुलं, हा माझा क्रम ठरलेला. परवा तिथल्या एका शिक्षिकेनं विचारलं की हा क्रम कुठून आला. तिला सांगितलं, तेच इथे लिहिते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नागपुरात मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करत होते, विषय स्टॅफ. आपल्या कातडीवर, नाकात मुक्काम ठोकून असणारा जंतू. एरवी गरीब, पण जखमेत शिरला की पू करतो, आणि तेव्हाच तो पेनिसिलिनला जुमानेनासा झाला होता. आई म्हणायची, पोरगी पुवाच्या मागे लागली, हिच्याशी लग्न कोण करणार...

मी जिथल्या लॅबमध्ये काम करायची, त्या हॉस्पिटलच्या सर्जिकल वॉर्डात एकामागून एक पेशंटचे टाके पिकायला लागले. पुवात स्टॅफ निघाला, तोही इतका कोडगा की सहा औषधांपैकी एकच लागू पडत होतं. ऑफिसातून मला यादी आली, यांची नाकं तपासा. यादीत आया, वॉर्डबॉय आणि झाडूवाले. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हे लिहिताना आज लाज वाटते.

सगळा संशय शेवंताबाई नावाच्या आयावर, कारण ड्रेसिंगचे ट्रे त्या उचलायच्या. कन्हानहून रोज येणारी बाई, दोन मुली शाळेत, नोकरी अजून कच्ची. रिपोर्ट येईपर्यंत त्यांना वॉर्डातून काढून माझ्या लॅबमध्ये बसवलं होतं. नाकात तो जंतू सापडला तर घरी जायचं, एवढं त्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

लॅबमध्ये काम काय, तर गारव्यासाठी खिडकीत लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचं. मे महिना होता. जंतू वाढवायचा इन्क्युबेटर सदतीस डिग्रीवर ठेवावा लागतो, पण तो बिचारा फक्त गरम करू शकतो, थंड नाही. आणि आमची खोलीच दुपारी सदतिसाच्या वर जायची... ताट्या सुकल्या की जंतूंच्या प्लेटांचं वाटोळं.

म्हणजे बघा, ज्या प्लेटवर त्यांची नोकरी जाणार की राहणार हे ठरायचं होतं, ती प्लेट नीट राहावी म्हणून तीच बाई दर अर्ध्या तासाला उठत होती. दुपारभर नुसतं बसून राहिल्या असत्या तरी पुरावा सुकून गेला असता. त्यांनी एक खेप चुकवली नाही.

मधल्या वेळात मी त्यांना माझं काम समजावून सांगायची. प्लेटवर जंतू पसरायचे, वर औषधाच्या कागदी टिकल्या ठेवायच्या. औषध चाललं तर टिकलीभोवती स्वच्छ गोल उमटतो, नाही चाललं तर जंतू टिकलीला खेटून वाढतात. त्यांना ते एका दमात कळलं. मग त्यांनी मला यादी वाचायला लावली, शेवटपर्यंत ऐकली.

"ताई, सायबाले नाक नाई का?"

साहेब म्हणजे मोठे सर्जन, ज्यांचे बूट वाजले की अख्खा वॉर्ड गप्प व्हायचा. त्या पुढे म्हणाल्या, "मोठ्यापासून सुरू कराले पायजे होतं. मंग लहान्याले भेव नाई वाटत."

दुसऱ्या दिवशी मी त्या सर्जन सरांच्या केबिनमध्ये गेले. आधी त्यांच्यासमोर माझ्याच नाकात काडी फिरवली, मग शेवंताबाईंचं वाक्य जसंच्या तसं सांगून दुसरी काडी पुढे केली. सरांनी चष्मा काढला आणि मान वर केली.

प्लेटा आल्या. शेवंताबाईंच्या नाकात स्टॅफ निघाला. ऑफिसला तेवढंच पुरलं असतं. पण तो कितीतरी लोकांच्या नाकात असतो, म्हणून मी टिकल्या ठेवल्या आणि थांबले. सकाळी पाहिलं तर प्रत्येक टिकलीभोवती मोठा, स्वच्छ गोल. साधा, गरीब जंतू.

सरांच्या प्लेटवर गोल एकच होता. हुबेहूब वॉर्डातल्या पुवासारखा.

सर स्वतः लॅबमध्ये आले. प्लेट खिडकीशी धरून दोनदा पाहिली आणि म्हणाले, रिपोर्टमध्ये माझं नाव स्पष्ट लिहा. मग शेवंताबाईंकडे वळले. "बाई, हे माझ्याकडून आलं. उद्यापासून तुम्ही वॉर्डात."

"आधी येवढी ताटी भिजू द्या, साहेब," एवढंच त्या म्हणाल्या.

नाक साफ होईपर्यंत सरांनी ऑपरेशनला हात लावला नाही. टाके पिकायचे थांबले. मला अभिमान वाटला, शेवंताबाईंचा, सरांचा, आणि खोटं कशाला बोलू, थोडा स्वतःचाही.

पुढे माझा प्रबंध टाइप झाला. आभाराच्या पानावर पहिलं नाव मी शेवंताबाईंचं घातलं होतं. माझे गाइड म्हणाले, असं नसतं, मोठी माणसं आधी, हे नाव शेवटी घ्या. सर्जन तिथेच बसले होते. त्यांनी पान मागून घेतलं, वाचलं आणि परत दिलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "मोठ्यापासूनच सुरू केलंय तिनं."

परवा मुख्याध्यापकांनी मान वर केली तेव्हा ते पान आठवलं. शेवंताबाई, तुमची रीत मी अजून मोडलेली नाही...