डोहातली बाहुली

धुरपताला उन्हाळा आवडायचा, असं कोणी म्हटलं असतं तर गावाने त्यालाच वेड्यात काढलं असतं. समुद्रपूरहून गिरडला जाणाऱ्या वाटेवरचं ते गाव. वैशाखात तिथली काळी माती पावलं भाजून काढते, विहिरी तळ दाखवतात आणि माणसं दुपारभर सावलीला निपचित पडतात. पण कापसाची वेचणी संपली की पेरणीपर्यंत धुरपताला कामाला बोलावणारं कोणी नसे. एरवी लेक झोपेतून उठायच्या आत ती शेतावर पोचलेली असायची. उन्हाळ्यात मात्र कांता तिला सबंधच्या सबंध मिळायची.

मग दोघींचं काय काय चालायचं! पहाटे मोहफुलं वेचायची, खाटेच्या सावलीत बसून शेवयांसारखे कणकेचे सरगुंडे काडीवर गुंडाळायचे, चिंचोके फोडून अंगणात पट मांडायचा. कांता सरगुंडे कमी करायची आणि कच्ची कणीक जास्त खायची. धुरपता खेळात हरली की खरोखर चिडायची, डाव मोडायची. शेजारची कमलाबाई म्हणायची, "यायच्यात लेकरू कोण अन् माय कोण, सांगा मले." तिचं काही चूक नव्हतं. धुरपता नवव्या वर्षी सासरी आली. तिचं खेळायचं वय चुलीपुढे गेलं, बाहुली तिने कधी हातात धरली नाही. राहिलेला खेळ ती आता लेकीबरोबर उरकून घेत होती.

या सगळ्याचा कळस म्हणजे बाहुलीचं लग्न. ही बाहुली धुरपतानेच केली होती. स्वतःच्या लग्नातल्या लुगड्याचा काठ, आत मूठभर कापूस आणि काजळाचे डोळे. नवरदेव म्हणून कमलाबाईकडचं बेलणं धोतर नेसून यायचं. लग्न लागलं की ते परत पोळ्या लाटायला जायचं आणि नवरी सासरी न जाता देवांच्या कोनाड्यात जाऊन बसायची. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बोहल्यावर उभी! एवढी लग्नं गावात दुसऱ्या कोणाची झाली नाहीत.

पण सत्तावन्न सालचा उन्हाळा आला आणि धुरपताला काही सुचेनासं झालं.

त्याआधीच्या दसऱ्याला धुरपता, तिचा नवरा प्रेमदास आणि सारी वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध झाली होती. पांढरं लुगडं नेसून, त्या माणसांच्या समुद्रात उभी राहून तिने प्रतिज्ञा घेतल्या, तेव्हा जन्मात पहिल्यांदा तिची मान आपोआप वर झाली. त्याबद्दल तिच्या मनात काडीचीही शंका नव्हती. घरी आल्यावर तिने स्वतःच्या हाताने कोनाड्यातले देव फडक्यात बांधले आणि नाल्याच्या डोहात सोडले. बांधताना मात्र ती रडली. त्यात एक चिमुकला चांदीचा टाक होता, सासरी धाडताना तिच्या आईने पदराला बांधून दिलेला. आई पुढे लवकरच गेली. आईची म्हणून घरात दुसरी वस्तू नव्हती. हे रडू देवाचं नाही, आईचं आहे, हे धुरपताला पक्कं ठाऊक होतं. पण ते लोकांना समजावून सांगायचं कसं, ते तिला कळेना.

हिवाळ्यात कोनाडा सारवताना तिच्या ध्यानात आलं की बाहुलीही तिथे नाही. तिने उतरंड उतरवली, गोधड्या झटकल्या, खाटेखाली वाकून पाहिलं. बाहुली नव्हतीच. म्हणजे डोळे भरलेले असताना देवांबरोबर तीही फडक्यात गेली! बाहुलीच्या कपाळाला गेल्या लग्नाचं कुंकू होतं. त्या घाईत देव कोणता आणि बाहुली कोणती, कसं कळणार? आता ही पोर विचारेल आणि घर डोक्यावर घेईल.

पण कांता विचारेचना. लग्नसराई सुरू झाली, वाजंत्री गावातून गेली, पोरींनी अंगणाअंगणात मांडव घातले. कांता आपली चिंचोके मांडून बसलेली. हेच धुरपताला कळेना. एक चिंचोका हरवला तर अर्धा दिवस भोकाड पसरणारी पोर बाहुलीचं नाव काढत नाही? विसरली असेल? की तिला सगळं कळलंय आणि रुसून बसलीय? शेवटी धुरपताने चाचपून पाहिलं. "कांते, औंदा लग्न नाई कराचं का वं?"

"कोणाचं?" कांता म्हणाली आणि पाणी प्यायला उठून गेली.

त्यातून दुसराच प्रश्न उभा राहिला. नव्या धर्मात बाहुलीचं लग्न चालतं का? तिने प्रेमदासला विचारलं, प्रेमदासने वस्तीतल्या जाणत्या बापूरावांना विचारलं. बापूराव पुष्कळ वेळ दाढी खाजवत बसले आणि म्हणाले, "थांब, कोणाले तरी विचारून सांगतो." ते अजून विचारतच होते.

अखेर एका दुपारी धुरपता डोहाकडे गेली. पाणी आटून डबकंच उरलं होतं. लुगडं खोचून ती चिखलात उतरली आणि हाताने गाळ चाचपू लागली. एवढ्यात काठावर कमलाबाई येऊन उभी राहिली.

"काय शोधून राह्यली वो, धुरपताबाई?"

"काई नाई."

"इथं तं आपण देव सोडले होते." कमलाबाईचा आवाज बदलला. "देव शोधून राह्यली का?"

"नाई वो बाई, बाहुली!"

कमलाबाईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "उन्हाचं घरी जाजो," एवढंच म्हणून ती वळली. धुरपताच्या हाती मात्र चिखलाखेरीज काही लागलं नाही.

दिवस मावळायच्या आत वस्तीभर झालं की धुरपताचं मन जुन्या देवांकडे मागे फिरलं. प्रेमदास घरी आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो भाकरी पुढ्यात घेऊन नुसता बसून राहिला आणि हळूच म्हणाला, "तुले काई पटलं नसंल तं मले सांग. लोकायकडून काऊन आयकाव मी?"

धुरपताचा जीव तळमळला. एवढं मोठं उभं केलेलं एका बाहुलीपायी कोसळतंय की काय! ती तोंड उघडणार तोच दारातून कांता म्हणाली, "माय, सापडला का वं टाक?"

"टाक कोण शोधते, पोरी! तुही बाहुली शोधत होती मी. माह्या हातानं देवायसंगं गेली ती. चुकलं माहं."

"तू नाई टाकली," कांता म्हणाली. "फडक्यात मीच घातली होती."

"तू? काऊन वं?"

कांता पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. "तू रडून राह्यली होती. तुह्या मायची वस्तू चालली, अन् माही बाहुली कोनाड्यात मजेत बसून होती. मले बरं नाई वाटलं. तुही गेली, तं माही बी जाऊ दे म्हटलं."

"मंग मले सांगितलं काऊन नाई?"

"तुले वाटलं असतं, मले वापस पाह्यजे."

प्रेमदासने भाकरीवरची नजर वर केली नाही, पण तो जेवू लागला. धुरपताला पोरीला रागवावं की पोटाशी धरावं, हेच कळेना. तिने दोन्ही केलं. आधी एक धपाटा घातला आणि मग तिला इतकी घट्ट धरली की कांता "सोड ना, माय" म्हणून ओरडली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खाटेच्या सावलीत चिंध्या आणि कापूस घेऊन दोघी बसल्या. बाहुली झाली. धुरपता डोळे काढायला घेणार, तर कांता म्हणाली, "आता दुसरी कर. तुह्यासाठी."

"मले कायले? मी काय लहान हाव?"

"तुले कोणी देल्लीच नाई ना."

धुरपताने मान खाली घातली आणि दुसरी केली. कापूस सारखा बाहेर येत होता. काजळाची डबी उघडून ती नुसतीच बसून राहिली. लेकीच्या बाहुलीचं तोंड काढणं सोपं होतं. ही स्वतःची, हिचं तोंड कसं असतं, ते तिला माहीत नव्हतं.

"कोणासारखं काढू वं?" तिने विचारलं.

"तुह्या मायसारखं," कांता म्हणाली.

धुरपताने बोटावर काजळ घेतलं आणि आई कशी दिसायची ते आठवू लागली.