बाय-टू कॉफी

बसवनगुडीतल्या त्या हॉटेलात सगळे उभ्यानेच खात. पुण्याहून नोकरीसाठी नुकताच आलेला मी रोज सकाळी तिथे एकटाच इडली खायचो. माझ्या टेबलाशी एक निवृत्त गृहस्थ येत. मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे; शर्टाच्या खिशात छोटी इंग्रजी डिक्शनरी. ते नेहमी ‘बाय-टू’ मागवत, म्हणजे एकच कॉफी दोन पेल्यांत. एके दिवशी दुसरा पेला माझ्याकडे सरकवून म्हणाले, “स्वल्प घ्या हो. कम्पॅनियन हा शब्द कुठून आला, ठाऊक आहे? लॅटिनमध्ये ‘पानिस’ म्हणजे पाव. ज्याच्यासोबत पाव खायचा, तो कम्पॅनियन. आपण इडलीवर भागवू.”

पुढे महिनाभर तो पेला माझाच होता. नाव मात्र दोघांनीही विचारलं नाही.

एकदा ऑफिसातली मंडळी माझ्यासोबत होती. त्यांच्यासमोर मला उगाच लाज वाटली. पेला सरकला तेव्हा मी परक्या माणसाला म्हणावं तसं “नो, थँक्स” म्हणालो. त्या गृहस्थांनी दोन्ही पेले सावकाश संपवले.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो आणि आमच्या टेबलाशी उभा राहिलो. काउंटरवरून त्यांचा आवाज आला, “अण्णा, एक फुल कॉफी.”