वाढत्या अंगाची पँट

ती हिरवी पँट आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे येते. सोलापुरातील माझ्या शेवटच्या नेमणुकीत ती जप्त मुद्देमाल म्हणून माझ्या टेबलावर आली आणि एका माणसाचे पुढचे सारे आयुष्य काही काळ तिच्यावर अवलंबून राहिले. माझी नोकरी अहवाल लिहिण्यात गेली. त्यापलीकडचे लेखन उतारवयात प्रथमच करतो आहे, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे. संबंधितांची नावे दिलेली नाहीत.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. सात रस्ता चौकाच्या बाजूला खोल्या भाड्याने देणारे एक गृहस्थ आले आणि ठाणे अंमलदाराला टाळून थेट माझ्या दाराशी उभे राहिले. माहिती देणारे काही जण आवाज चढवून बोलतात, काही कुजबुजतात. कुजबुजणाऱ्याची भीती बहुधा खरी असते, असा माझा अनुभव. त्यांच्या भाडेकरू बाईंचा नवरा परदेशातून परतला होता. तो दिवसभर दार लावून बसत असे. आदल्या दिवशी दोरीवर लष्करी रंगाची पँट वाळत होती आणि मालकांना पाहताच बाईंनी ती घाईने आत ओढली होती.

वरिष्ठांना कळवून, ठाणे दैनंदिनीत नोंद करून, दोन पंचांसमक्ष झडती घेतली. पँट पेटीच्या तळाशी मिळाली. फोनमधील छायाचित्रांत हा माणूस बंदूकधाऱ्यांशेजारी उभा होता आणि त्यांच्या अंगावर त्याच कापडाचे कपडे होते. परदेशातील सशस्त्र गटाशी संबंध, असा संशय घेण्यास एवढे पुरेसे होते. तो खरा ठरता, तर हा माणूस पुढची कित्येक वर्षे तुरुंगात राहिला असता.

ठाण्यात आणून त्याची चौकशी केली. तो मूळचा जवळच्या मंद्रूप गावचा. येथील गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंग मास्टर होता. एका एजंटाने परदेशातील कपड्यांच्या कारखान्यात नोकरी देतो म्हणून नेले, वाटेत पासपोर्ट काढून घेतला आणि त्याला सीमेजवळच्या एका पट्ट्यात पोहोचवले. तो पट्टा तेथील सरकारच्या हातून केव्हाच गेला होता आणि सशस्त्र गटाच्या ताब्यात होता. कापड आणणाऱ्या ट्रकमध्ये लपून तो निसटला. पुढे वकिलातीने तात्पुरती कागदपत्रे देऊन त्याला परत पाठवले. छायाचित्रे पहाऱ्यावरच्या बंदूकधाऱ्यांनीच हौसेने त्याच्या फोनवर काढली होती. हे सारे त्याने सरळ सांगितले. पँट कोणाची, हे विचारताच मात्र मान खाली घातली.

“माजीच हाय, साहेब.”

माझ्याबरोबर एक महिला हवालदार होत्या. त्यांनी पँट उचलली, त्याला उभे राहायला सांगितले आणि ती त्याच्या कमरेला लावली. ती गुडघ्याच्या थोडी खाली संपली.

“ही तुमची? खाली बसला तर उसवंल की, मास्तर.”

मग त्यांनी पायाची घडी उलटली. आत चार बोटे कापड दुमडून शिवलेले होते. त्यांची स्वतःची दोन मुले शाळेत जात होती. “साहेब, ही वाढत्या अंगाची शिवलीय,” त्या हळूच म्हणाल्या. “शाळा सुरू होताना आम्ही शिंप्याला असंच सांगतो.”

सोलापुरात गणवेश शिवणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. मूल वर्षभरात वाढणार, म्हणून कापणाऱ्याचा हात आपोआप थोडे कापड जास्त सोडतो. लढणाऱ्या जवानाच्या पँटला असली घडी कोणी ठेवत नाही.

माझ्या खोलीच्या दाराशी त्याची पत्नी बसली होती. ती कानडीत एवढेच म्हणाली, “हेळ्री.” सांगा, असा त्याचा अर्थ. मग तो बोलू लागला.

तिथली शाळा बंद पाडून तिच्यात शिवणाचे काम चालत होते. मुलांची बाके जोडून कापड कापायचे. बाजार भरे, पण त्याची पट्टी, म्हणजे कर, तो गट वसूल करी. भांडणाचा निवाडाही त्यांचाच बंदूकधारी देई. लोक मान खाली घालून पीठ-मीठ घेऊन घरी जात. मास्तरकडे माणसे येत नसत, फक्त मापे येत. त्यातली कित्येक लहान होती. हे लोक पट्टी घेतात, तेव्हा शाळाही पुन्हा सुरू करत असतील, असे त्याला वाटले. त्याला बरेही वाटले आणि सवयीने त्याने कापड जास्त सोडले.

“मग एक पोरगं आलं. उंची वाढली, घडी सोडून द्या म्हणालं. खांद्याला बंदूक. सातवीचं माप, साहेब. दुसरी पँट त्याच्या अंगावर हुती, ही माज्याकडं ठिवून गेलं. त्याच आटवड्यात मी पळालो. कुणाला तरी दावावी म्हून आणली. पन त्या पोरांच्या अंगावर मीच चढवली न्हवं? मंग तुमाला काय म्हून सांगू?”

मुलांचे कपडे शिवल्याचे उघड झाले, तर आपण त्या बंदूकधाऱ्यांहून मोठे गुन्हेगार ठरू, या भीतीने तो पँट स्वतःची म्हणत होता.

मी सरकारी वकिलांकडे गेलो. परदेशी युद्धाचे कायदे मी कधी अभ्यासले नव्हते. त्यांनी शांतपणे समजावले. सरकारचा अंमल संपला, तरी कायदा तेथून उठून जात नाही. युद्धाचे नियम सशस्त्र गटालाही बांधतात. पासपोर्ट हिरावून शिवणाला बसवलेला माणूस नागरिकच राहतो. आणि पंधरा वर्षांखालील मुलांच्या हाती बंदूक देणे हा युद्धगुन्हा आहे. “पण तिथे वय सिद्ध कसे करणार?” मी विचारले. जन्माची नोंद सांगणारे तिथे कोणीच उरले नव्हते.

उत्तर मास्तरकडे होते. वय त्याला सांगता येईना, पण इयत्ता येत होती. कोणते माप पाचवीचे, कोणते सातवीचे, कोणते दहावीचे, हे तो न अडखळता सांगत गेला. केवळ मापावरून वय सिद्ध होत नाही, याची मला कल्पना होती. तरी तपास कोठून सुरू करावा, हे त्यावरून कळत होते.

अहवालात मी त्याला संशयित न लिहिता फसवणुकीचा बळी आणि साक्षीदार लिहिले. वरिष्ठांनी बरेच प्रश्न विचारले आणि शेवटी सही केली. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब झाला, तो केंद्र सरकारमार्फत आंतरराष्ट्रीय तपासकांपर्यंत पोहोचला. एजंटाला नातेपुते येथून ताब्यात घेतले. मास्तर जुन्या कारखान्यात कामाला लागला.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. माणूस खोटे बोलतो तेव्हा तो काय लपवतो, हे आम्ही शोधतो. कशाच्या भीतीने लपवतो, हेही विचारले पाहिजे. आणि ज्या भूमीवर एकही पोलीस ठाणे नाही, तिथल्या मुलाचीही दाद कोठेतरी लागू शकते, यावर माझा विश्वास बसला.

माझ्या निवृत्तीनंतर बातमी आली. आंतरराष्ट्रीय दबाव वाढल्यावर त्या गटाने अल्पवयीन मुलांची पहिली तुकडी एका मदत संस्थेच्या हवाली केली होती. मी कारखान्यात जाऊन मास्तरला ती सांगितली. तो कापड पसरत होता. ते तसेच टाकून तो माझ्याकडे वळला. मग डोळे पुसत म्हणाला, “आता लई वाढली असतील, साहेब. मापं नव्यानं घ्यावी लागतील.”