आत्यांचा कोट

नवऱ्याची बदली थंडीच्या डोंगरात झाली आणि त्यांना कुटुंबासाठी क्वार्टर मिळालं. आम्ही दोघींनी महिनाभर तिकडे जावं असं ठरलं. दोघी म्हणजे मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. उंब्रजच्या पुढचं आमचं गाव, घरी ऊस. जन्मभर लुगडं नेसलेल्या आत्यांना कोट लागणार होता.

"तुझ्या खरेदीच्या ॲपवर आईचा फोटो टाक, कोट अंगावर घालून दाखवतं," नवऱ्याने फोनवर सांगितलं. मी सांगलीत वाढलेली, ऑनलाइन खरेदीला सरावलेली. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम.

आत्या परड्यातल्या कोऱ्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मी फोटो काढला. पडद्यावर आलं, 'व्यक्ती सापडली नाही.'

"काय म्हणतंय?" आत्यांनी विचारलं.

"उजेड कमी आहे म्हणतंय."

त्यांना उन्हात घेतलं. पुन्हा तेच. मग सूचना आली की अंगाबरोबरचे कपडे घाला, डोकं उघडं ठेवा, हात बाजूला पसरा. पदर मी काढायला सांगितला नाही, पण हात पसरायला लावले. शेजारीण कुंपणाआडून बघत होती. आत्यांचे हात भरून आले.

"आगं, कवा संपायचं हे?"

शेवटी फोटो चालला. चाक फिरत राहिलं आणि चित्र आलं. कोट झकास बसला होता, पण त्याखाली लुगडं नव्हतं. करड्या रंगाची तंग पँट होती. डोक्यावरचा पदर गेला होता, कपाळावरचं गोंदणही पुसून निघालं होतं. चेहरा तेवढा आत्यांचा, तोही दहा वर्षांनी लहान केलेला.

आत्यांनी फोन हातात घेऊन बराच वेळ बघितलं.

"माझं लुगडं कुठं गेलं?"

"आत्या, मशीनला कळत नाही ते."

"मग मी कोन हाय हे तरी कळतंय का त्याला? पूस ते. कुनी बघिटलं म्हंजी?"

पुसलं. तरी ॲपने सांगितलेलं माप बरोबर असेल असं समजून मी कोट मागवला. पार्सलवाला गावात यायला तयार नव्हता, हायवेवर जाऊन घेतलं. घरी घालून बघितला तर खांद्यात छान, पण पुढे निऱ्यांवर खालची दोन बटणं लागेनात आणि मागे काष्ट्यावर कोट उचलून धरल्यासारखा. परत करताना ॲपने कारण विचारलं, पर्याय तीनच. रंग आवडला नाही, माप चुकलं, उशिरा आलं. लुगड्यावर बसत नाही, हे लिहायला जागाच नव्हती. मदतीच्या खिडकीत लिहिलं, तर लगेच उत्तर आलं की ग्राहकाने अंगाबरोबरचे कपडे घालून नवा फोटो काढावा. मी फोन खाटेवर आपटला.

आत्याही वैतागल्या होत्या. "मी यीत न्हाई जा. त्यालाच म्हनावं, रजा घिऊन ये."

दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. मलाही समजूत घालायचा उत्साह नव्हता. पण तिकिटं काढलेली होती. तिसऱ्या दिवशी त्यांना जवळजवळ ओढतच कराडला नेलं.

दुकानदाराने बायकांचे सगळे कोट काढले. सगळ्यांची कंबर आवळलेली. मग पुरुषांचे कोट टांगले होते तिकडे मीच गेले.

"साहेबांचं माप काय, ताई?"

"साहेबांना न्हाई, मला पायजे," आत्या म्हणाल्या.

तपकिरी, ऐसपैस कोट निघाला. निऱ्यांवरून बटणं लागली. बाह्या लांब होत्या, त्या मी दुमडल्या. आत्यांनी आरशात बघितलं, पदर कोटावरून डोक्यावर ओढून घेतला.

"गडी दिसतीया मी," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. थंडी तर वाजायची न्हाई."

हसल्या नाहीत. मीही नाही.

परतीच्या एसटीत नवऱ्याचा फोन आला. सगळं ऐकून ते म्हणाले, "मग पहिल्यांदाच कराडला जायचं की. एवढं कशाला करत बसलात?"

मी फोन बंद केला. आत्यांनी कोटाची पिशवी मांडीवर घेतली आणि विचारलं, "तितं लय थंडी आसती का गं?"