अण्णांचा आवाज आणि पायजम्याचं इलॅस्टिक

माझ्या हातून आजवर एकही वस्तू दुरुस्त झालेली नाही, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही. मला एकट्यालाच ते मान्य नव्हतं, म्हणून पुढचं सगळं घडलं.

सासूबाईंना एक्क्याऐंशी वर्षं पूर्ण होत होती. (त्या आमच्याकडेच, कर्वेनगरला राहतात.) सहस्रचंद्रदर्शन करू या का, असं नंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं विचारलं, तर म्हणाल्या, "होम नको, शाल नको, ते बुफे तर नकोच. ह्यांचा आवाज एकदा ऐकवा, पुरे."

'हे' म्हणजे माझे सासरे, अण्णा. त्यांना जाऊन अठरा वर्षं झाली. फोटो ढीगभर आहेत, पण आवाज एकाच ठिकाणी. त्यांच्याकडे एक मोठा टेपरेकॉर्डर होता, कॅसेटच्या आधीचा. वर बशीएवढी दोन चाकं, एका चाकावरची फीत सुटते आणि दुसऱ्यावर गुंडाळली जाते. लग्नानंतर वर्षभरात मी तो एकदाच ओझरता पाहिला होता, मग तो नारायण पेठेतल्या घराच्या माळ्यावर गेला. तिथून आमच्या माळ्यावर आला. त्यासोबत टेप एकच होती. नागपूरच्या भावाला पत्र लिहायचा कंटाळा आला म्हणून अण्णांनी ते बोलून ठेवलं होतं, आणि पाठवायचाही कंटाळा केला होता.

"अहो, खालच्या कांबळे सरांना बोलवा," सासूबाई म्हणाल्या. "ते तंत्रशाळेत रेडिओ दुरुस्ती शिकवायचे."

"आई, मी असताना?"

"तुम्ही आहात म्हणूनच म्हणतेय."

मी हसण्यावारी नेलं. कांबळे सरांकडे न जाण्याचं खरं कारण वेगळंच होतं. मी सोसायटीचा सेक्रेटरी. सर रिटायर झाल्यावर गॅलरीत बसून लोकांचे मिक्सर, रेडिओ फुकट दुरुस्त करून द्यायचे. त्यांच्या डागकामाचा, म्हणजे सोल्डरिंगचा, वास वर आमच्या दिवाणखान्यात यायचा. तोंडावर कसं सांगायचं? म्हणून मी सभ्य माणसासारखी फळ्यावर नोटीस लावली होती : 'सोसायटीच्या आवारात कोणीही कोणत्याही वस्तूची दुरुस्ती करू नये. हुकमावरून.' हुकूम कुणाचा, ते मलाही माहीत नव्हतं. सरांनी ती नोटीस चष्मा लावून दोनदा वाचली आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद केलं.

तर मी यंत्र जेवणाच्या टेबलावर घेतलं आणि उघडलं. आत रबराचे दोन पट्टे असायला हवे होते. इतक्या वर्षांत त्यांचं डांबर झालं होतं. ते आधी माझ्या बोटांना लागलं, मग टेबलक्लॉथला, मग फ्रिजच्या दाराला, आणि नंदानं "कुठे हात लावू नका" म्हटल्यावर दचकून मी हात ठेवला तो सासूबाईंच्या पांढऱ्या साडीवर.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आवाज आला म्हणजे झालं."

इतका विश्वास ठेवू नये माणसानं. नवे पट्टे कुठे मिळतात ते मला ठाऊक नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. म्हणून मी पायजम्यातलं इलॅस्टिक काढलं, मापानं दोन तुकडे कापले, शिवले आणि बसवले. अशी कल्पना सुचायला डोकं लागतं, हे मी नंदाला ऐकवलंही. ती म्हणाली, "पायजमा नवा होता."

टेप लावली. सासूबाई खुर्ची पुढे ओढून, हात मांडीवर ठेवून बसल्या. मी बटण दाबलं आणि चाकं चक्क फिरली! फिरली, पण म्हैस पाण्यातून बाहेर येते त्या वेगानं. आणि आतून घोगरा, लांबलचक आवाज आला, "प्रि...ऽऽ...य...ऽऽ... बं...ऽऽ..."

सासूबाईंनी ऐकून घेतलं. "हे ह्यांचं नाही," त्या म्हणाल्या. "हे बोलायला लागले की थांबायचे नाहीत, पण इतका वेळ कधी घ्यायचे नाहीत."

"आई, इलॅस्टिक जरा सैल पडलंय. घट्ट करतो."

मी एक गाठ मारली. आता अण्णा भराभर बोलू लागले, इतके की पोपट बरा. तेवढ्यात दुसरं इलॅस्टिक तुटलं. गुंडाळून घेणारं चाक थांबलं आणि सोडणारं सुरूच राहिलं. फीत भसाभसा टेबलावर, तिथून खाली. ती धरायला मी पुढे झालो, माझा पाय तिच्यावर पडला, आणि ती दोन ठिकाणी तुटली.

मी घाईघाईनं वह्यांना लावायची चिकटपट्टी आणली आणि टोकं जोडली. अठरा वर्षं जपलेला आवाज मी दीड मिनिटात पायाखाली घातला होता. सासूबाई उठल्या. "असू दे सुधाकरराव, 'प्रिय' तरी ऐकलं," असं म्हणून आत गेल्या. त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. मला इतकं वाईट वाटलं की मी तसाच, काळ्या हातांनी, जिना उतरलो.

कांबळे सरांनी दार उघडलं. माझे हात पाहिले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला यायला आवडलं असतं, सेक्रेटरीसाहेब. पण नोटीस आहे."

"सर, ती नोटीस म्हणजे..."

"हुकमावरून आहे. मी हुकूम मोडत नाही. परवानगी द्या, लेखी."

"कुणाची परवानगी?"

"सेक्रेटरींची. आधी रीतसर अर्ज करा, मग ते विचार करतील."

मी त्यांच्याच टेबलावर बसून मलाच अर्ज लिहिला. मग त्यावर 'मंजूर' असा शेरा मारून सही केली. सरांनी शिक्का मागितला. मी वर जाऊन शिक्का आणला. सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला, पत्र्याची एक पेटी उचलली आणि दोघं वर आलो.

पुढच्या दोन तासांत सर फार बोलले नाहीत. इलॅस्टिकचा तुकडा चिमट्यानं उचलून पाहिला आणि विचारलं, "हे काय आहे?"

"पायजमा," नंदा म्हणाली.

त्यांनी डांबर स्पिरिटनं पुसलं, पेटीतून बरोबर मापाचे पट्टे काढून बसवले, सगळी फीत हातानं हळूहळू सोडवली. मग माझ्या जोडांपाशी थांबले. "हा तुकडा तुम्ही उलटा जोडलाय. एवढ्या भागात तुमचे सासरे शेवटाकडून सुरुवातीकडे बोलले असते." चिकटपट्टी सोलून त्यांनी पुन्हा नीट जोड दिला. मी चहा करायला गेलो. तेवढंच काम माझ्यावर सोपवण्यात आलं होतं.

सासूबाई पुन्हा खुर्चीत येऊन बसल्या. या वेळी जरा मागे. सरांनी बटण दाबलं.

"प्रिय बंधू," अण्णा म्हणाले. स्वच्छ, खणखणीत, जसे होते तसे. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. नंदा रडायला लागली. मी खिशात रुमाल शोधत होतो, तोच अण्णा पुढे म्हणाले, "जावई सज्जन आहे. बँकेत आहे. निर्व्यसनी आहे. फक्त एक आहे. गेल्या रविवारी आपला पंखा कुरकुरतो म्हणून त्यानं उघडला. आता कुरकुरत नाही. फिरतही नाही. त्याआधी इस्त्री. हा टेपरेकॉर्डर मी आजच माळ्यावर टाकतो आहे. जावई परवा त्याच्याकडे फार प्रेमानं बघत होता."

मागून तरुण सासूबाईंचा आवाज आला, "अहो, हळू बोला, पोरगी ऐकेल."

खुर्चीतल्या सासूबाई आता हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसू थांबत नव्हतं. "पुन्हा लावा हो सर," त्या म्हणाल्या. सरांनी चार वेळा लावलं. चारही वेळा पंखा फिरला नाही.

"आई, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"म्हणून तर म्हटलं, सरांना बोलवा."

कांबळे सर पेटी बंद करत होते. "सेक्रेटरीसाहेब, ती नोटीस काढायची गरज नाही," ते फार दिवसांनी मला हसून म्हणाले. "एक शब्द बदला. 'कोणीही' खोडा, तिथे 'सेक्रेटरींनी' लिहा."

सासूबाईंनी लगेच अनुमोदन दिलं, टेपमधल्या अण्णांचंही मत धरण्यात आलं, आणि ठराव मंजूर झाला. नोटीस अजून फळ्यावर आहे. खाली सही माझीच आहे, आणि शिक्काही.